रिपोर्ट केला, तरी अकाउंट हटत नाही: तक्रार कुठे फसते आणि ती कोणत्या क्रमाने करायची

"या फेक अकाउंटला सगळ्यांनी रिपोर्ट मारा" असा मेसेज ग्रुपवर फिरतो. पन्नास जण त्या प्रोफाइलवर जाऊन जे बटण दिसेल ते दाबतात आणि दोन दिवसांनी सगळ्यांना एकच उत्तर येतं: आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. मग रिपोर्टचा काही उपयोग नसतो, असं ठरवून सगळे गप्प बसतात.

उपयोग असतो, पण रिपोर्ट म्हणजे मतदान नाही. किती जणांनी तक्रार केली यावरून मजकूर काढायचा की नाही हे ठरत नाही, असं इन्स्टाग्रामने स्वतःच्या मदत पानावरच लिहून ठेवलं आहे. तपासणारा माणूस असो की यंत्रणा, त्याच्यापुढे दोनच प्रश्न असतात: नेमकी कोणती गोष्ट, आणि ती कोणता नियम मोडते? पन्नास जणांनी पन्नास कारणं निवडली तर या दोन्ही प्रश्नांना धड उत्तर मिळत नाही. ज्याचं नुकसान झालं आहे त्या एकट्याने योग्य जागी, योग्य कारण देऊन केलेली तक्रार जास्त चालते.

खालच्या टप्प्यांचा क्रम मोडू नका. काही गोष्टी घाईत आधी केल्या की पुरावा हातचा जातो आणि तो परत मिळत नाही.

## टप्पा १: नेमकं काय झालंय ते ठरवा

सगळ्यात जास्त तक्रारी इथेच फसतात. "माझं अकाउंट हॅक झालंय" हे वाक्य लोक दोन अगदी वेगळ्या प्रकारांसाठी वापरतात आणि त्या दोन्हींचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

पहिला प्रकार, नक्कल. कुणीतरी तुमचं नाव आणि फोटो उचलून दुसरं प्रोफाइल उघडलं आहे आणि तुमच्या मित्रयादीतल्या लोकांना पैसे मागणारे मेसेज जात आहेत. तुमचं मूळ अकाउंट शाबूत आहे, तुम्ही त्यात नेहमीसारखे लॉगिन होता. हे हॅकिंग नाही. इथे त्या नकली प्रोफाइलची तोतयेगिरीची तक्रार करायची असते.

दुसरा प्रकार, ताबा जाणं. पासवर्ड चालत नाही, नोंदवलेला ईमेल किंवा फोन नंबर बदललेला आहे आणि मेसेज तुमच्या खऱ्या अकाउंटवरून जात आहेत. अशा वेळी मित्रांना "रिपोर्ट करा" सांगणं म्हणजे स्वतःच्याच अकाउंटची तक्रार करवून घेणं. ते बंद झालं तर चोराशी आणि बंदीशी एकाच वेळी झगडावं लागतं.

तपासा: पैसे मागणारा मेसेज ज्याला आला त्याच्याकडून स्क्रीनशॉट नव्हे, प्रोफाइलची लिंक मागवा. लिंकमधलं युजरनेम तुमच्या युजरनेमशी अक्षरन् अक्षर जुळतं का ते बघा. एखादी जादा टिंब, अंडरस्कोर किंवा बदललेलं अक्षर दिसलं तर ती नक्कल आहे. नाव आणि फोटो सारखे असल्याने फक्त स्क्रीनशॉटवरून हे कळत नाही.

ताबा गेला असेल तर क्रम असा. आधी ईमेल सुरक्षित करा, कारण पासवर्ड बदलण्याच्या लिंका तिथेच येतात. चोर त्या मेलबॉक्समध्ये बसलेला असताना इतर काहीही करणं फुकट आहे. मग इनबॉक्समध्ये "तुमचा ईमेल बदलला गेला" अशी सूचना शोधा. त्यात "हे मी केलेलं नाही" या अर्थाची लिंक असते आणि बऱ्याचदा तेवढ्यावर काम भागतं. ती सूचना सापडली नाही तर फेसबुक आणि इन्स्टाग्राम या दोघांचंही हॅक झालेल्या अकाउंटसाठी वेगळं पान आहे. साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत 'हॅक्ड' हा शब्द टाइप केला की ते उघडतं. आत शिरता आलं की सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट, नवा पासवर्ड, दुहेरी पडताळणी आणि जोडलेल्या अनोळखी ॲपना नारळ, या क्रमाने आवराआवर करा.

व्हॉट्सॲपचं गणित वेगळं आहे. तिथे आपलाच नंबर पुन्हा नोंदवायचा. एसएमएसने आलेला सहा अंकी कोड टाकला की चोर त्याच क्षणी बाहेर फेकला जातो. त्याने मधल्या काळात टू-स्टेप पिन लावला असेल तर तुम्हाला आत शिरायला ७ दिवस थांबावं लागतं, पण तेवढ्या काळात तोही आत नसतो. म्हणून घाबरून नंबर बदलू नका.

नक्कल आणि ताबा या दोन्हींत न बसणाऱ्या गोष्टी, म्हणजे शिवीगाळ, धमकी, तुमचा फोटो किंवा तुमचं काम परवानगीशिवाय वापरणं, यांचे रस्ते पुढे येतील. जिवाला धोका वाटेल अशी धमकी असेल तर मात्र आधी पोलीस आणि मग प्लॅटफॉर्म. कंपनी मजकूर काढते, तुमच्या दाराशी येणाऱ्या माणसाला थांबवत नाही.

## टप्पा २: पुरावा, तोही ब्लॉक करण्याआधी

राग आला की हात पहिला ब्लॉककडे जातो. तो आवरा. फेसबुकसारख्या ठिकाणी ब्लॉक केलं की समोरच्याचं प्रोफाइल तुम्हालाही दिसेनासं होतं. व्हॉट्सॲपवर तर रिपोर्ट करतानाच "ब्लॉक करा आणि चॅट हटवा" असा पर्याय समोर येतो. घाईत तो स्वीकारला की तुमच्या हातातला संवादच पुसला जातो.

पुरावा गोळा करताना एवढं हवं:

१. ज्या गोष्टीबद्दल तक्रार आहे तिची थेट लिंक. पोस्टची पोस्टशी, कमेंटची कमेंटशी. पोस्टच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांतून किंवा शेअरच्या बटणातून ती कॉपी होते.

२. प्रोफाइलची लिंक आणि युजरनेम, हाताने टाइप न करता कॉपी केलेलं. नकली युजरनेममध्ये इंग्रजी मोठा आय आणि छोटा एल यांची अदलाबदल हा जुना खेळ आहे. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण शोधणाऱ्याला भलतंच अकाउंट सापडतं.

३. पूर्ण स्क्रीनचा स्क्रीनशॉट, ज्यात तारीख, वेळ आणि युजरनेम दिसेल. शक्य असेल तर संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडून पत्त्याच्या पट्टीसकट घ्या. कापाकापी आणि लाल गोल मूळ फाइलवर नको. करायचेच असतील तर वेगळ्या प्रतीवर करा.

४. प्रोफाइल ते मजकूर असा सलग प्रवास दाखवणारं छोटं स्क्रीन रेकॉर्डिंग. "स्क्रीनशॉट बनावट आहे" हा बचाव यापुढे लंगडा पडतो.

इन्स्टाग्रामवर प्रोफाइलच्या तीन ठिपक्यांत "या अकाउंटविषयी" असं पान असतं. तिथे अकाउंट कधी उघडलं, आणि बऱ्याच वेळा कोणत्या देशातून चालतं आणि आधी युजरनेम बदललं होतं का, हेही दिसतं. चार दिवसांपूर्वी जन्मलेलं "तुमचं" अकाउंट हा तोतयेगिरीचा चांगला पुरावा आहे. या पानाचाही स्क्रीनशॉट ठेवा. तोतये युजरनेम बदलत राहतात, त्यामुळे आजची नोंद उद्या उपयोगी पडते.

सावधान: स्नॅपचॅटवर आणि इन्स्टाग्रामच्या व्हॅनिश मोडमध्ये (वाचून झालेले मेसेज जिथे आपोआप नाहीसे होतात) स्क्रीनशॉट घेतला की समोरच्याला कळतं. तिथे दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने पडद्याचा फोटो घ्या. स्टोरी २४ तासांत नाहीशी होते, म्हणून "संध्याकाळी निवांत बघू" चालत नाही.

याहून मोठं सावधान: लहान मुलांचा लैंगिक मजकूर दिसला तर स्क्रीनशॉट घेऊ नका, डाउनलोड करू नका, "बघा काय चाललंय" म्हणून कुणाला पाठवू नका. असा मजकूर जवळ बाळगणं हाच गुन्हा ठरू शकतो. फक्त लिंक टिपा, रिपोर्ट करा आणि पोलिसांना कळवा.

## टप्पा ३: नेमक्या गोष्टीवर, नेमकं कारण

रिपोर्टचं बटण प्रत्येक वस्तूला वेगळं असतं: पोस्ट, कमेंट, मेसेज, स्टोरी, प्रोफाइल, ग्रुप. शिवी कमेंटमध्ये असताना पोस्ट रिपोर्ट केली तर तपासणारा पोस्ट बघतो, त्यात काही सापडत नाही आणि तक्रार बंद होते. शिवीगाळ, धमकी, द्वेष यांसाठी तो विशिष्ट मजकूर रिपोर्ट करा. प्रोफाइल रिपोर्ट करायचं ते अख्खं अकाउंटच खोटं किंवा नकली असेल तेव्हा. लांब व्हिडिओ असेल आणि वेळ लिहायची सोय असेल तर आक्षेपार्ह भाग कितव्या मिनिटाला आहे ते जरूर लिहा.

मग कारण. इथे लोक यादीतला पहिला पर्याय दाबून मोकळे होतात. तो बहुधा "स्पॅम" असतो किंवा "मला हे आवडत नाही" असतो. दुसरा पर्याय तर खरं पाहता तक्रारच नाही. तो निवडला की ब्लॉक करा, म्यूट करा असे सल्ले मिळतात आणि गोष्ट तिथेच संपते. धमकीला स्पॅम म्हटलं तर ती स्पॅमच्या चाळणीतून जाते आणि स्पॅम नसल्याने सुटते. कारणांची यादी पूर्ण खालपर्यंत वाचा. उपकारण विचारलं तर तेही निवडा. दोन कारणं लागू होत असतील तर जे सिद्ध करायला सोपं ते घ्या. नकली अकाउंटवरून पैसे मागितले जात असतील तर तोतयेगिरी डोळ्यांनी दिसते, फसवणुकीचा पुरावा मात्र खासगी मेसेजमध्ये दडलेला असतो.

फेसबुक ग्रुपमध्ये आणखी एक गोंधळ आहे. "ग्रुप ॲडमिनकडे रिपोर्ट करा" आणि "पोस्ट रिपोर्ट करा" हे दोन स्वतंत्र रस्ते आहेत. पहिला ॲडमिनपाशी जाऊन थांबतो. ॲडमिनच त्या पोस्टवर टाळ्या पिटत असेल तर तो रस्ता बंदच समजा.

मेसेजच्या बाबतीत एक शंका नेहमी येते: चॅट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता न येणारं असेल तर कंपनीला कसं दिसणार? रिपोर्ट करताना तुमचाच फोन ते मेसेज कंपनीकडे पाठवतो. व्हॉट्सॲपवर संपर्क रिपोर्ट केला की त्याच्याकडून आलेले शेवटचे ५ मेसेज जातात. धमकी दहा मेसेज मागे असेल आणि नंतर त्याने पाच वेळा "हॅलो" लिहिलं असेल तर तपासणाऱ्यापुढे हॅलोच जाणार. अशा वेळी तो विशिष्ट मेसेज दाबून धरा आणि तोच रिपोर्ट करा.

लिहायला जागा मिळाली तर तिचा उपयोग करा. मराठीत टोमणा, जातिवाचक इशारा किंवा बाईमाणसाबद्दलचा दुहेरी अर्थ बरेचदा साध्या शब्दांत लपलेला असतो. वाचणाऱ्याला तो कळेलच असं धरून चालू नका. संताप ओतण्यापेक्षा असं काहीतरी लिहा:

*"या अकाउंटने माझं पूर्ण नाव आणि माझा प्रोफाइल फोटो वापरला आहे. माझं खरं अकाउंट हे आहे (लिंक). नकली अकाउंट हे आहे (लिंक). त्यावरून माझ्या ओळखीच्या लोकांकडे पैसे मागितले जात आहेत. दोन संवादांचे स्क्रीनशॉट जोडले आहेत."*

"ताबडतोब कारवाई करा नाहीतर कोर्टात खेचीन" या वाक्याने वेग वाढत नाही.

तपासा: रिपोर्ट कुणी केला हे समोरच्याला सांगितलं जात नाही. पण तो मेसेज फक्त तुम्हालाच आला असेल तर अंदाज बांधायला त्याला फार डोकं लागणार नाही. घरातला किंवा ऑफिसातला माणूस असेल तर हा विचार आधीच करून ठेवा.

## टप्पा ४: बटण पुरत नसेल तर फॉर्म

काही तक्रारींसाठी वेगळे ऑनलाइन फॉर्म आहेत आणि बऱ्याच लोकांना त्यांचा पत्ताच नसतो. तीन फॉर्म ओळखून ठेवा. त्यांची सरमिसळ झाली की तक्रार फेटाळली जाते.

तोतयेगिरीचा फॉर्म. नकली अकाउंटवाले पहिली गोष्ट करतात ती खऱ्या माणसाला ब्लॉक करण्याची. म्हणून ज्याचं नाव वापरलंय त्यालाच ते प्रोफाइल दिसत नाही आणि तो म्हणतो, "मला तर काहीच दिसत नाही." मित्राकडून लिंक घ्या आणि फॉर्म भरा. इन्स्टाग्राम आणि एक्स (पूर्वीचं ट्विटर), दोन्हीकडे स्वतःचं अकाउंट नसतानाही हा फॉर्म भरता येतो. इन्स्टाग्राम अशा तक्रारींना उत्तर देतं ते फक्त ज्याची नक्कल झाली त्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीला, उदाहरणार्थ मुलाच्या वतीने पालकाला. ओळखपत्राचा फोटोही मागतं. ओळखपत्रावरचं नाव आणि तक्रारीतलं नाव जुळलं पाहिजे. सगळी अक्षरं वाचता येतील असा, उजेडात काढलेला फोटो द्या. पन्नास मित्रांचे रिपोर्ट का वाया जातात याचं हे अर्धं उत्तर.

नुसतं सारखं नाव म्हणजे तोतयेगिरी नव्हे. तुमच्या नावाची माणसं जगात असतातच. विडंबनाची अकाउंट्सही, तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तर, एक्ससारख्या ठिकाणी चालतात.

खासगीपणाचा फॉर्म. व्हिडिओत तुमचा चेहरा, आवाज, पत्ता किंवा फोन नंबर परवानगीशिवाय दाखवला असेल तर हा. यूट्यूबवर अशी तक्रार साधारणपणे ज्याचा खासगीपणा मोडला त्यानेच करायची असते आणि व्हिडिओ टाकणाऱ्याला बदल करायला ४८ तास दिले जाऊ शकतात. त्यात त्याने चेहरा धूसर केला तर तक्रार तिथे मिटू शकते. एआयने तुमचा चेहरा किंवा आवाज हुबेहूब बनवला असेल तर त्याची तक्रारही यूट्यूबवर याच वाटेने जाते.

कॉपीराइटचा फॉर्म. याचा दुरुपयोग आणि गैरसमज दोन्ही भरपूर. फोटोचा कॉपीराइट साधारणपणे फोटो काढणाऱ्याचा असतो, फोटोत दिसणाऱ्याचा नव्हे. लग्नात दुसऱ्याने काढलेला तुमचा फोटो कुणी चोरला तर तुमचा रस्ता खासगीपणाचा किंवा तोतयेगिरीचा. सेल्फी असेल तर मात्र कॉपीराइट तुमचा.

या फॉर्ममागे अमेरिकेचा १९९८ सालचा डीएमसीए (डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट) हा कायदा आहे, आणि मोठे प्लॅटफॉर्म जगभर त्याच साच्याने काम करतात. त्यात मूळ कामाचा तपशील, चोरलेल्या मजकुराची नेमकी लिंक, तुमचा संपर्क, "हा वापर परवानगीशिवाय आहे असं मी प्रामाणिकपणे मानतो" अशा अर्थाचं विधान आणि पूर्ण नावाची सही लागते. खोटं विधान केलं तर कायद्याने जबाबदार धरलं जाऊ शकतं. समोरचा प्रतिदावा करू शकतो. तो केल्यावर तुम्ही न्यायालयात गेल्याचं कळवलं नाही, तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत चढवला जातो. म्हणून "नावडत्या चॅनेलला उडवायचं हत्यार" म्हणून हा फॉर्म वापरणाऱ्यांचे हात भाजतात.

सावधान: साधा रिपोर्ट गुप्त राहतो, कॉपीराइटची तक्रार राहत नाही. तुमचं नाव आणि संपर्क समोरच्याकडे जाऊ शकतो. जो तुमचा पाठलाग करतोय त्याच्याविरुद्ध कॉपीराइटचा फॉर्म भरून तुम्हीच त्याला स्वतःचा ईमेल पोचवाल. प्रतिनिधीमार्फत करा किंवा दुसरा रस्ता घ्या.

## टप्पा ५: खासगी क्षणांचे फोटो किंवा व्हिडिओ

इथे क्रम थोडा उलटा होतो, कारण एका ठिकाणचं काढेपर्यंत तेच दहा ठिकाणी चढतं.

पहिलं म्हणजे, धमकावणाऱ्याला पैसे देऊ नका. पैसे दिले की मागणी थांबत नाही, वाढते. संवाद जपून ठेवा, उत्तर देणं बंद करा.

दुसरं, फोटो अजून पसरला नसला तरी त्याचा ठसा नोंदवून ठेवता येतो. १८ वर्षांवरच्या व्यक्तींसाठी स्टॉपएनसीआयआय ही सेवा २०२१ च्या डिसेंबरात सुरू झाली. १८ च्या आतल्या वयातल्या फोटोंसाठी अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची 'टेक इट डाउन' ही सेवा २०२३ पासून आहे. दोन्ही मोफत आहेत. फोटो कुठेही अपलोड होत नाही. तुमच्याच उपकरणावर त्याचा एक आकडेवजा ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा सहभागी प्लॅटफॉर्मकडे जातो. फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक त्यात आहेत. तोच फोटो तिथे चढला की जुळणी होते.

मर्यादा लक्षात घ्या. ठसा बनवायला ती फाइल तुमच्याकडे असावी लागते, म्हणून शरमेपोटी किंवा रागाने ती लगेच डिलीट करू नका. जे प्लॅटफॉर्म सहभागी नाहीत तिथे आणि एन्क्रिप्टेड चॅटमध्ये ही जुळणी चालत नाही. म्हणून आधीच प्रसिद्ध झालेल्या प्रत्येक लिंकचा वेगळा रिपोर्टही करा, "नग्नता" या मोघम कारणापेक्षा "संमतीशिवाय खासगी फोटो" हे कारण निवडून. नंतर गूगलकडेही त्या लिंका शोधातून काढण्याची विनंती करता येते. साइट दाद देत नसेल तेव्हा निदान तुमचं नाव शोधल्यावर ते समोर येणं थांबतं.

## टप्पा ६: रिपोर्ट केल्यावर

आता ब्लॉक करा. मग तक्रारीची नोंद कुठे दिसते ते शोधून ठेवा. फेसबुकवर सपोर्ट इनबॉक्स, इन्स्टाग्रामवर सेटिंग्जच्या मदत विभागात सपोर्ट रिक्वेस्ट्स. उत्तर तिथे येतं. बरेच जण ईमेलची वाट बघत बसतात.

"काढला" आणि "नाही काढला" यांच्या मध्येही बरंच काही घडतं: पोस्टवर इशारा लागतो, तिचा प्रसार घटवला जातो, एखाद्या देशापुरती ती झाकली जाते, अकाउंटला काही दिवस लिहायला बंदी होते. पहिल्याच फटक्यात अकाउंट जाणं हे तोतयेगिरी, मुलांचं शोषण अशा गंभीर प्रकारांत होतं. बाकीच्या ठिकाणी स्ट्राइक, म्हणजे नियमभंगाच्या नोंदी, साठत जातात. यूट्यूबवर आधी ताकीद, मग पहिल्या स्ट्राइकला १ आठवडा अपलोड बंद, दुसऱ्याला २ आठवडे, आणि ९० दिवसांत तिसरा आला तर चॅनेल बंद. म्हणजे आज नुसता व्हिडिओ गेला आणि चॅनेल राहिलं, तरी तुमच्या रिपोर्टचा हिशेब मांडला गेलेला असतो.

उत्तर नकारार्थी आलं तर तोच रिपोर्ट पुन्हा पुन्हा पाठवू नका. "पुन्हा तपासा" हा पर्याय असेल तर तो वापरा. आधी चुकीचं कारण निवडलं असेल तर नव्याने, योग्य कारणाने रिपोर्ट करा. मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीच्या) अंतिम निर्णयानंतर ओव्हरसाइट बोर्डाकडेही, म्हणजे त्या निर्णयांची फेरतपासणी करणाऱ्या स्वतंत्र मंडळाकडेही, जाता येतं. त्यासाठी मेटाने दिलेला संदर्भ क्रमांक लागतो आणि १५ दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. बोर्ड मोजकीच प्रकरणं घेतं, तेव्हा त्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

दरम्यान, स्वतःच्या अकाउंटवर एक साधी पोस्ट टाका: माझ्या नावाने पैसे मागणारा मेसेज आला तर तो मी नाही. नकली प्रोफाइलची लिंक त्यात देऊ नका, गर्दी तिकडे वळते. आणि मित्रयादी फक्त स्वतःला दिसेल अशी करा. नक्कल करणारा सावज त्याच यादीतून उचलतो.

सावधान: "मी मेटातला ओळखीचा माणूस आहे, पैसे दिले तर अकाउंट उडवतो किंवा परत मिळवून देतो" असं कमेंटमध्ये सांगणारे सगळे ठग. त्यांना एकदा ओटीपी दिला की टप्पा १ पासून पुन्हा सुरुवात.

## टप्पा ७: बंदी तुमच्यावरच आली तर

आधी सूचना खरी आहे का ते बघा. "तुमच्या पेजने कॉपीराइट मोडला, २४ तासांत खाली क्लिक करा" असे मेसेज हा पासवर्ड चोरण्याचा नेहमीचा सापळा आहे. इन्स्टाग्रामने पाठवलेल्या ईमेलची यादी ॲपच्या सुरक्षा सेटिंग्जमध्ये दिसते. तिथे नसेल तर तो ईमेल खोटा समजा.

खरी असेल तर:

१. कोणत्या मजकुरावर, कोणत्या नियमाखाली कारवाई झाली ते वाचा. तो नियम उघडून पूर्ण वाचा. बहुतेक अपिलं हे न वाचताच लिहिलेली असतात.

२. मुदत बघा. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर निलंबनाविरुद्ध दाद मागायला १८० दिवस असतात. ते उलटले की अकाउंट कायमचं जातं. तरीही पहिल्या आठवड्यातच करा.

३. शक्य असेल तर तुमचा डेटा आधी डाउनलोड करा. बंद अकाउंटलाही बऱ्याचदा हा पर्याय दिसतो.

४. अपील चार-पाच ओळींचं असू द्या. "मी दहा वर्षं प्रामाणिक वापरकर्ता आहे" याने काही सिद्ध होत नाही. "हा फोटो वैद्यकीय माहितीसाठी होता, मजकुरात तसं लिहिलं आहे" याने होऊ शकतं.

५. ओळखपत्र किंवा सेल्फी व्हिडिओ मागितला तर अकाउंटवरच्या नावाशी जुळणारंच द्या.

दोन चुका टाळा. यूट्यूबवर स्ट्राइक आलेला व्हिडिओ घाईने डिलीट केला म्हणून स्ट्राइक जात नाही. आणि बंदी असताना दुसरं अकाउंट उघडून काम सुरू केलं तर ती बंदी चुकवणं ठरते, आणि मूळ अपील तुम्हीच बुडवता.

## टप्पा ८: स्वतःचं किंवा दिवंगत व्यक्तीचं अकाउंट काढायचं असेल तर

ॲप काढणं, अकाउंट निष्क्रिय करणं आणि अकाउंट हटवणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हॉट्सॲपचं ॲप काढलं तरी अकाउंट जिवंत राहतं आणि लोक तुम्हाला मेसेज पाठवत राहतात. फेसबुक निष्क्रिय केलं तरी मेसेंजर चालू राहू शकतं.

हटवण्याआधी चार कामं उरका: डेटा डाउनलोड, ज्या पेजचे किंवा ग्रुपचे तुम्ही एकमेव ॲडमिन आहात तिथे दुसरा ॲडमिन, या अकाउंटने लॉगिन केलेल्या इतर साइट्सना वेगळा ईमेल-पासवर्ड, आणि चालू असलेली सशुल्क सदस्यता रद्द. दुसरं काम विसरलात तर तुमच्याबरोबर पेजही जातं.

फेसबुक आणि इन्स्टाग्राम हटवण्याची विनंती केल्यावर ३० दिवस थांबतात. या काळात लॉगिन होऊन विनंती मागे घेता येते. एक्सवरही ३० दिवस असतात, आणि तिथे नुसतं लॉगिन केलं तरी अकाउंट पुन्हा चालू होतं. म्हणून विनंती करताच सगळ्या उपकरणांवरून ॲप काढून टाका. एखाद्या जुन्या टॅबलेटवर ते उघडं राहिलं आणि कुणी सहज शिरलं की मेहनत पाण्यात. ३० दिवसांनंतरही फेसबुकच्या यंत्रणेतून सगळा डेटा पुसायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. आणि तुम्ही इतरांना पाठवलेले मेसेज त्यांच्या इनबॉक्समध्ये तसेच राहतात.

गेलेल्या माणसाच्या अकाउंटसाठी फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन मार्ग देतात: ते स्मृतिरूपात ठेवणं किंवा काढून टाकणं. स्मृतिरूपासाठी मृत्यूचा पुरावा पुरतो आणि त्यानंतर त्यात कुणालाही लॉगिन होता येत नाही. काढून टाकण्याची विनंती जवळच्या नातेवाइकानेच करायची, नातं दाखवणाऱ्या कागदासह. घरचे पासवर्ड वापरून तेच अकाउंट चालवत असतील तर आधी फोटो आणि आठवणींचा डेटा उतरवून घ्या. स्मृतिरूप झालं की तो पासवर्ड चालणार नाही.